कुझे फुमिएच्या पेशी मोठ्या होतात

माझी मैत्रीण कुझे फुमिए हिच्याएवढ्या मोठ्याने बोलणारी बाई आमच्या विद्यापीठात दुसरी नव्हती. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली की मात्र ती अशी गप्प व्हायची, की बघणाऱ्याला वाटावं, बसल्या जागी डुलकी लागली. म्हणून त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत वरच्या मजल्यावरून तिची आरोळी आली, तेव्हा मी भाताचा डबा उघडाच टाकून जिन्याकडे धावले. मला वाटलं, काहीतरी पेटलं.

"साए! साए, लवकर ये! खातायत!"

"कोण खातंय?"

"अगं, पेशी! माझ्या पेशी खातायत!"

तोक्योचं चौसष्ट सालचं ऑलिंपिक होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. नाराच्या मुलींच्या विद्यापीठात आम्ही दोघी एका खोलीत राहिलो, एका चादरीवरून भांडलो, आणि योगायोगाने दोघींनाही कानाझावाच्या विद्यापीठातच काम मिळालं. मी खालच्या मजल्यावर रसायनशास्त्रात, ती वर विकृतिशास्त्रात. तिचा विषय ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, तोही उंदरांचा. मला तिने तो एकदा भाजीबाजारात, खेकड्यांच्या टोपल्यांसमोर उभं राहून समजावला होता.

"हे बघ, रक्तातली पांढरी पेशी जन्मते तेव्हा बाळ असते. मग मोठी होते, जंतू खाते, कामधाम करते आणि दिवस भरले की मरते. ल्युकेमियात काय होतं? बाळ मोठंच होत नाही. आणि त्या बाळालाच बाळं होत राहतात. अंगभर नुसती बाळं! काम करायला मोठं माणूस एक नाही."

"मग मारा त्यांना."

"सगळे तेच म्हणतात. मी म्हणते, मोठं केलं तर?"

खेकडेवाली म्हणाली, "बाई, पोरांचं नंतर बघा, आधी खेकडा घेताय का सांगा."

तिचे प्राध्यापक तोकुदोमे सेन्सेई, म्हणजे गुरुजी, अतिशय सभ्य गृहस्थ. आवाज कधी चढायचा नाही. टोमणा मात्र असा मारायचे की ऐकणाऱ्याच्या दोन दिवसांनी लक्षात यावा. फुमिएने आपली कल्पना मांडली तेव्हा ते चष्मा पुसत म्हणाले होते, "छान. म्हणजे आपण राक्षसांसाठी बालवाडी काढायची. गणवेश कोणता ठेवू या?" सगळी खोली हसली. फुमिएही हसली, सगळ्यांत मोठ्याने. पण काम तिने सोडलं नाही, आणि सेन्सेईंनीही अडवलं नाही, हे खरं.

ती उंदरांच्या कर्करोगी पेशी काचेच्या बशीत, समुद्रशेवाळाच्या मऊ जेलीत वाढवायची. त्यांचे घट्ट, गोल पुंजके व्हायचे. एकदा तिने वेगळंच केलं. उंदराच्या गर्भातल्या निरोगी पेशी ज्या पोषक पाण्यात काही दिवस वाढल्या होत्या, ते पाणी गाळून तिने या बशीत घातलं. आम्ही त्याला 'उष्टं पाणी' म्हणायचो. आणि पुंजक्यांच्या कडा विस्कटायला लागल्या. पेशी एकमेकींना सोडून लांब निघाल्या, सरपटायला लागल्या. बाळं घट्ट चिकटून बसतात. सरपटत बाहेर पडतात त्या मोठ्या झालेल्या पेशी. पण सरपटली म्हणजे मोठी झाली असं कुणी मानणार नव्हतं. मोठी पेशी खाऊन दाखवते.

म्हणून फुमिएने तिच्या गावच्या साकेच्या, म्हणजे तांदळाच्या दारूच्या, भट्टीतून बाटलीभर यीस्ट आणलं, उकळून मारलं, लाल रंगात बुडवलं आणि त्या पेशींपुढे वाढलं.

मी धापा टाकत वर पोचले. तिने मला खुर्चीवर अक्षरशः ढकललं. मी डोळा लावला. धूसर, पाणीदार, पसरट पेशी दिसल्या. एकीच्या पोटात लाल दाणे होते, मोजून बघावेत असे स्पष्ट. दुसरीच्या पोटातही. तिसरी एका दाण्याला कडेकडेने वेढत होती, जशी मांजर पाय पोटाशी घेऊन बसते तशी. मी बघत असताना तो दाणा आत गेला.

"गेला!" मी ओरडले.

"गेला ना? बघितलंस ना? मी एकटीच वेडी नाही ना?"

"वेडी आहेसच. पण गेला."

आम्ही दोघी हातात हात घालून त्या चिंचोळ्या खोलीत उड्या मारत होतो. तेवढ्यात दारात तोकुदोमे सेन्सेई उभे.

"उंदीर सुटलाय का?" त्यांनी विचारलं.

फुमिएने त्यांना बसवलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग उठून म्हणाले, "कुझेसान, या खाणाऱ्या पेशी छान आहेत. पण त्या तुमच्या कशावरून? मूळ पेशी तुम्ही उंदराच्या अंगातून काढल्या. त्या अंगात निरोगी पेशीही होत्या. चार निरोगी पेशी चुकून बशीत आल्या असतील, आणि आता त्याच जेवायला बसल्या असतील. कर्करोगी अजून बाळच, आणि जेवतंय दुसरंच कुणी."

फुमिएचा चेहरा पडेल असं मला वाटलं. पण तिने टेबलावर हात आपटला. "बरोबर! सेन्सेई, अगदी बरोबर! मग एकापासून सुरुवात करते."

"एका उंदरापासून?"

"एका पेशीपासून."

एक पेशी उचलायची म्हणजे काय, हे ज्याने केलं त्यालाच कळतं. काचेची नळी ज्योतीवर धरून केसाहून बारीक ओढायची, तोंडात रबरी नळी धरून श्वासाच्या ओढीने एकच पेशी वर घ्यायची आणि तिच्या स्वतंत्र घरात सोडायची. मग दोन माणसांनी वेगवेगळं पाहून सांगायचं, की इथे एकच आहे. दुसरं माणूस मी.

"एक?"

"दोन."

"दोन कुठे? नीट बघ."

"एकीच्या मागे दुसरी लपलीय."

"तुझे डोळे फारच चांगले आहेत गं, साए. जरा कमी चांगले ठेव ना."

काही मेल्या. काहींना बुरशी लागली. काही जगल्या, पण दुभंगायचं नावच घेईनात. मग हिवाळा आला. आमच्याकडे हिवाळ्यात बर्फ पडायच्या आधी आभाळ असं गडगडतं, की खिडक्या वाजतात. अशाच एका सकाळी वीज गेली. इन्क्युबेटरमध्ये, अंगाच्या उबेएवढ्या उबेत, त्या वेळी चार घरांत चार पेशींची कुटुंबं वाढत होती. थंड झाली की संपली.

फुमिए स्वेटरच्या आत बश्या घ्यायला निघाली. मी म्हटलं, "सांडशील, धांदरट!" मग आम्ही हिवाळ्यात पांघरुणात घेऊन झोपतो ते गरम पाण्याचे पत्र्याचे डबे आठवले. मी शिपायांच्या खोलीतून दोन आणले. चहावाल्या बाईंनी एक दिला. शेगडीवर पाणी तापत होतं, फुमिए थर्मामीटर हातात धरून ओरडत होती, "दोन अंश कमी! अजून एक!" आणि दारात तोकुदोमे सेन्सेई, खांद्यावर बर्फ, काखेत फुलाफुलांच्या खोळीतला डबा.

"घरून आणलाय," ते म्हणाले. "बायकोला सांगितलंय, बालवाडीला पाहिजे."

दुपारी वीज आली. चारांतलं एक कुटुंब वाचलं.

एका पेशीची शेकडो झाली, शेकड्यांची लाखो. फुमिएने त्यांचे दोन भाग केले. एका भागाला साधं पाणी, दुसऱ्याला उष्टं. काही दिवसांनी दोन्हींना लाल यीस्ट वाढलं. पहिल्या बशीत गोल, घट्ट बाळं, दाणे बाजूला तसेच पडून. दुसऱ्या बशीत प्रत्येकीच्या पोटात लाली.

या वेळी फुमिए ओरडली नाही. ती खाली आली, माझ्या टेबलाजवळ उभी राहिली आणि इतकंच म्हणाली, "साए, सगळ्या एका आईच्या." आणि रडायला लागली, हसत हसत.

सूक्ष्मदर्शकापुढे सेन्सेई बसले ते उठेनातच. त्यांचा चहा निवला. मग त्यांनी मान वर न करता विचारलं, "दुसरी बशी आहे?" दुसरी दिली. "आणखी एक?" तिसरी दिली. शेवटी ते उठले, चष्मा लावला, आणि जो माणूस कधी आवाज चढवत नसे तो व्हरांड्यात जाऊन ओरडला, "सगळ्यांनी इकडे या! आत्ताच्या आत्ता!" शल्यचिकित्सेतले आले, दंतवैद्यकातले आले. रांग जिन्यापर्यंत गेली. फुमिए प्रत्येकाला सांगत होती, "उजवीकडची बघा, ती अधाशी आहे."

मग उंदरांवर प्रयोग झाला. बाळपेशी टोचलेले उंदीर महिन्याभरात गेले. मोठ्या झालेल्या पेशी टोचलेले पिंजऱ्यात चाकावर पळत राहिले, म्हातारे झाले, लठ्ठ झाले.

इथून पुढचं मी भरभर सांगते, कारण ती वर्षं तशी भरभर गेली नाहीत. उष्ट्या पाण्यात नेमकं काय आहे ते शोधायला मी जवळजवळ दहा वर्षं घालवली. पिंपभर पाण्यातून नखावर मावणार नाही एवढं प्रथिन निघायचं. आणि माणसांच्या ल्युकेमियाच्या पेशी उंदरांच्या पेशींसारख्या वागेनात. फुमिए रुग्णालयातून नमुने मागून आणायची, हे घालून बघ, ते घालून बघ, आणि पेशी ढिम्म. सभांमध्ये लोक विनयाने विचारायचे, "कुझे सेन्सेई, उंदरांचं झालं, माणसांचं काय?" ती परत येऊन बूट भिरकावून द्यायची. "माणसांची पोरं जास्त हट्टी असतात, झालं!" दुसऱ्या दिवशी पुन्हा नवी बशी. तिचा उत्साह मला कधी कधी सहनच व्हायचा नाही.

एका प्रकारच्या ल्युकेमियाच्या पेशी मात्र बशीत ऐकायच्या. अ जीवनसत्त्वापासून बनणारं एक आम्ल घातलं की त्या मोठ्या व्हायच्या. हे तिला दिसलं, आणखी काही देशांतल्या लोकांनाही दिसलं होतं. पण ते आम्ल त्वचेच्या रोगांचं. रक्ताच्या कर्करोगात कोण देणार? ती डॉक्टरांच्या मागे लागली. डॉक्टर मान डोलवायचे आणि जिन्यावर ती दिसली की लिफ्टने जायचे.

मग एके दुपारी ग्रंथालयातून फुमिए पळत आली. पन्नाशी ओलांडलेली बाई, केस पांढरे, हातात नवं नियतकालिक. माझ्या खोलीतल्या खुर्चीवर चढून तिने मोठ्याने वाचायला सुरुवात केली. शांघायच्या डॉक्टरांनी त्याच प्रकारच्या रुग्णांना तेच आम्ल गोळ्यांतून दिलं होतं. रुग्ण बरे झाले होते, एक-दोन नाही, बहुतेक सगळे.

"माणसांच्या अंगात, साए! जिवंत माणसांच्या! मोठ्या झाल्या!"

"खाली उतर, पडशील." मी तिचा हात धरला. "फुमिए, खरं सांग. तू नाही केलंस, याचं वाईट नाही वाटत?"

ती उतरून बसली. "वाटलं. ग्रंथालयात वाचताना पोटात चांगलंच दुखलं. जिना चढेपर्यंत थांबलं." मग माझ्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाली, "चल, आता डॉक्टर लिफ्टने जाऊ शकत नाहीत!"

लिफ्टने न जाणारा एक डॉक्टर मिळाला. त्याचं नाव हाताकेनाका. तरुण, उंच, दाराच्या चौकटीत नेहमी डोकं आपटून घेणारा. त्याच्याकडे त्याच प्रकारच्या ल्युकेमियाची एक रुग्ण आली होती. शिओझाकी रुरिको, सहलीच्या बसमध्ये गाईड म्हणून काम करणारी, नोतो द्वीपकल्पातली. अंगभर निळे डाग, हिरड्यांतून रक्त. या रोगात रक्त गोठत नाही, आणि नेहमीची जहाल औषधं सुरू केली की पेशी फुटून रक्तस्राव आणखी वाढतो. पहिल्या आठवड्यातच माणसं जात.

रुग्णालयाच्या समितीने ते आम्ल द्यायला परवानगी दिली. फुमिएला रुग्णाशी बोलायचं कारण नव्हतं, पण हाताकेनाकाच तिला घेऊन गेला. "तुम्ही समजावता तसं मला जमत नाही," तो म्हणाला. मीही गेले.

रुरिको उशीला टेकून बसली होती, ओठ सुकलेले, डोळे मात्र टपोरे. फुमिएने बाळांची गोष्ट सांगितली.

"म्हणजे माझ्या रक्तात सगळी पोरंच?" रुरिको म्हणाली. "मोठं कुणी नाही?"

"फारच थोडी. आणि पोरं उनाड."

"मला नवीन नाही. शाळेची सहल असली की पन्नास पोरं असतात बसमध्ये. मास्तर मागे झोपतात."

"मग तू काय करतेस?"

"गायला लावते. ओकायची तेवढी पोरं ओकतात, बाकीची गातात." ती हसली आणि लगेच रुमाल तोंडाला लावला. रुमालावर लाल डाग उमटला. "ही गोळी कडू आहे का?"

"नाही," हाताकेनाका म्हणाला.

"मग द्या."

गोळ्या सुरू झाल्या. काही दिवस गेले आणि एका सकाळी हाताकेनाका आमच्या प्रयोगशाळेत शिरला. चौकटीत डोकं आपटलं ते त्याला कळलंही नाही.

"पांढऱ्या पेशी वाढल्यात. दुप्पट, तिप्पट. आमचे वरिष्ठ म्हणतात, रोग भडकलाय. गोळी थांबवून जहाल औषध आजच सुरू करा म्हणतात. केलं तर ती रक्त वाहून जाईल. नाही केलं आणि रोगच वाढत असेल तर... कुझे सेन्सेई, मला काही कळेनासं झालंय."

त्याच्या हातात तिच्या रक्ताची काचपट्टी होती. फुमिएने ती घेतली. ती गप्प झाली, तीच तिची ती गप्प बसण्याची तऱ्हा. हाताकेनाका माझ्याकडे बघत होता. मी त्याला हाताने थांब म्हटलं. बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत गेलं.

"हाताकेनाका," ती हळूच म्हणाली, "या रोगाच्या पेशींमध्ये बारीक सुया दिसतात ना?"

"हो. लाल सुया. फक्त रोगी पेशीत असतात. निरोगी पेशीत कधीच नाही."

"आणि मोठ्या झालेल्या पेशीचं केंद्र कसं असतं?"

"तुकड्या-तुकड्यांचं. गाठी मारलेल्या दोरीसारखं." तो चिडला. "सेन्सेई, तुम्ही माझी परीक्षा घेताय का?"

"बस इथे."

तो बसला. फुमिए त्याच्या कानाशी वाकून म्हणाली, "मधोमध जी आहे, तिचं केंद्र बघ. गाठी आहेत?"

"आहेत. ही मोठी झालेली आहे."

"आता तिच्या पोटात, डाव्या अंगाला."

त्याने फोकसची चकती हळूहळू फिरवली. मग तो म्हणाला, "सुई आहे."

"सुई आहे!" फुमिए ओरडली. "रोगी पेशीची सुई, मोठ्या पेशीच्या पोटात! कळतंय का तुला? ही बाहेरून आलेली नाही. ही तीच आहे! तीच मोठी झालीय! पुढची बघ, तिच्यातही आहे. वाढल्यात त्या पेशी, वाढू देत! मोठ्या होण्याआधी संख्या वाढतेच त्यांची!"

हाताकेनाका उठला, पट्टी उचलली आणि धावला. अर्थात फुमिए काही डॉक्टर नव्हती, निर्णय त्याचा होता; आणि तो त्याने वरिष्ठांसमोर सूक्ष्मदर्शक मांडून घेतला. धोका होताच. मोठ्या होणाऱ्या पेशी कधी कधी फुप्फुसात गर्दी करतात आणि श्वास कोंडतो, हे पुढे आम्हाला दुसऱ्या रुग्णांत दिसलं. त्या दिवसांत तो रुरिकोच्या खोलीबाहेर बाकावरच असायचा. गोळी चालू राहिली.

त्याच आठवड्यात एका सकाळी आम्ही वॉर्डात गेलो, तर न्हाणीघरातून रुरिकोची हाक आली. "डॉक्टर! अहो डॉक्टर! नर्सबाई! इकडे या सगळे!"

हाताकेनाका घाबरून पळाला. चौकटीला कपाळ पुन्हा आपटलं. रुरिको बेसिनपुढे उभी, हातात दात घासायचा ब्रश, तोंडाभोवती फेस.

"बघा," ती बेसिनकडे बोट दाखवत म्हणाली. "पांढरा!"

आम्ही सगळे वाकून एका बेसिनात बघत होतो. गेले कित्येक दिवस तो फेस गुलाबी असायचा, कधी लालच. आज पांढरा शुभ्र होता.

"पुन्हा घास," हाताकेनाका म्हणाला.

"अहो, हिरड्या झिजतील."

"घास म्हणतो ना!"

तिने घासले. पुन्हा पांढरा. नर्सबाईंनी टाळ्या वाजवल्या. हाताकेनाका भिंतीला टेकून खाली बसला आणि कपाळ चोळत हसत सुटला. फुमिए बेसिनपाशी इतकी वाकली होती, की मला वाटलं, आता ही फेसाची पट्टी करून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवते.

त्यानंतर निळे डाग पिवळे पडले आणि मग दिसेनासे झाले. महिन्याभराने रुरिकोच्या हाडांतल्या मज्जेत एकही बाळपेशी सापडली नाही. गोळीवरच भागवता येत नाही, रोग परत येतो, हे शांघायहूनही कळलं होतं. म्हणून रक्त गोठायला लागल्यावर तिला दुसरी औषधंही दिली. केस गेले. ओकाऱ्या झाल्या. ती म्हणायची, "आता कळलं, मागच्या सीटवरच्या पोरांना काय होतं ते." पुढच्या वर्षी चेरी फुलायच्या सुमारास ती टोपी घालून पुन्हा बसमध्ये चढली. मागे प्रवासी, पुढे ती, हातात माईक. आमच्या तीन वर्षांतल्या आठ रुग्णांपैकी सहा जण असेच आपापल्या घरी गेले. दोघे घरी परतले नाहीत. त्यातल्या एका म्हाताऱ्या कोळ्याचं नाव घेतलं की हाताकेनाका आजही विषय बदलतो.

तोकुदोमे सेन्सेईंना तेव्हा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. रुरिकोची ती काचपट्टी बघायला ते काठी टेकत आले. बराच वेळ पाहून फुमिएला म्हणाले, "तेव्हा मी तुम्हाला हसलो होतो."

"आणि घरून गरम डबाही आणला होता," फुमिए म्हणाली. "चहा घेता?"

निवृत्तीच्या वर्षीही फुमिए तशीच होती. मी तेव्हा आवराआवर करत होते, खोके बांधत होते, दोऱ्या शोधत होते. वरून तिची हाक आली. वेगळ्याच प्रकारच्या ल्युकेमियाच्या पेशी होत्या, ज्या कुणाचंच ऐकत नाहीत त्या.

"साए, ही कडेची एक जरा हललीय असं वाटतंय. वर ये ना."

"हललीय का नक्की?"

"तू येऊन सांग! तुझे डोळे चांगले आहेत."

मी दोरी तिथेच टाकली आणि जिना चढायला लागले.